बँकेचं स्टेटमेंट टॅलीत कसं उतरवावं?

प्रश्न: आमचं तामसीला खत-बियाण्यांचं दुकान आहे. बाबांची खाती तीन. दुकानाचं सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खातं आदिलाबादला एका मोठ्या बँकेत, शेतीचं बचत खातं ग्रामीण बँकेत आणि किनवटकडे थोडी जमीन असल्यामुळे महाराष्ट्रात एक जुनं खातं. पहिल्या खात्याचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये मिळतं, दुसऱ्याचं पीडीएफमध्ये, तिसऱ्याचंही पीडीएफच, पण पासवर्ड लावलेलं. ऑडिटर साहेबांना सगळं टॅलीत हवं असतं. मी एकेक ओळ वाचून एन्ट्री करते. जूनमध्ये उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे कापूस विकल्यावर येतात, त्यामुळे नोव्हेंबरपासून यूपीआयच्या नोंदींचा नुसता पाऊस पडतो आणि तेव्हाच माझ्या चुका होतात. मी आदिलाबादला बी.कॉम. कॉम्प्युटर्स केलं आहे, थोडं पायथन येतं. कोड लिहून हे काम होईल का? सगळ्या बँका एकाच तऱ्हेची फाइल का देत नाहीत? आणि नेटवर फुकटात रूपांतर करून देणारी संकेतस्थळं आहेत, ती वापरू का?
– एक वाचक, तामसी, जि. आदिलाबाद

उत्तर: तिसरा प्रश्न आधी घेतो. ती संकेतस्थळं वापरू नका. स्टेटमेंटच्या एका फाइलमध्ये बाबांचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, शिल्लक तर असतेच, शिवाय वर्षभरात दुकानात पैसे भरणाऱ्या प्रत्येकाचा यूपीआय आयडीही असतो. त्यातले कितीतरी आयडी म्हणजे सरळ मोबाइल नंबर. गावात कोणी किती रुपये दिले आणि कधी दिले, ही माहिती लोकांनी तुमच्यावर विसंबून तुमच्यापाशी ठेवलेली आहे. ती कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर जाऊन पडेल हे ठाऊक नसताना टाकणं मला पटत नाही. आणि तशी गरजही नाही. ती संकेतस्थळं जे करतात, ते तुमचा दुकानातला संगणक इंटरनेट बंद ठेवूनही करू शकतो.

कोडने काम होईल का, तर होईल, आणि चांगलं होईल. पण सुरुवात करण्याआधी एक आराखडा ठरवा. बहुतेक जण तीन बँकांसाठी तीन प्रोग्राम लिहितात आणि प्रत्येक प्रोग्राम थेट टॅलीची फाइल तयार करतो. तसं करू नका. मध्ये स्वतःची एक साधी सीएसव्ही फाइल ठरवा. तिचे कॉलम कायमचे: खातं, तारीख, तपशील, संदर्भ क्रमांक, आलेली रक्कम, गेलेली रक्कम, शिल्लक, मूळ फाइलचं नाव आणि पान. प्रत्येक बँकेसाठी एक छोटा वाचक-कोड, तो फक्त या फाइलपर्यंत आणून सोडेल. पुढे टॅलीसाठी एकच लेखक-कोड. उद्या बँकेने स्टेटमेंटचा चेहरा बदलला तर एकच वाचक-कोड दुरुस्त करायचा. ऑडिटर साहेबांनी दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तर फक्त लेखक-कोड बदलायचा. बाकीचं जसंच्या तसं.

आता पीडीएफ, कारण खरी कटकट तिथेच आहे. पीडीएफमध्ये दिसतो तो तक्ता प्रत्यक्षात तक्ता नसतो. ॲडोबीने १९९३ मध्ये हा फॉरमॅट आणला तो पान सगळ्या यंत्रांवर आणि सगळ्या प्रिंटरवर सारखंच दिसावं म्हणून. त्यामुळे फाइलच्या पोटात ‘ही गेलेली रक्कम, ही शिल्लक’ असं काहीही नोंदलेलं नसतं. पानाच्या कडेपासून इतक्या अंतरावर ही अक्षरं उमटवा, एवढीच सूचना असते. कॉलम आपल्या डोळ्यांना दिसतात, फाइलला त्यांचा पत्ता नसतो. म्हणूनच पीडीएफमधला मजकूर कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवला की सगळ्या आकड्यांचा काला होतो.

पहिली परीक्षा अगदी सोपी. पीडीएफ उघडून एखादा आकडा माऊसने निवडून पाहा. निवडता आला तर मजकूर आत आहे. अख्खं पानच एक चित्र म्हणून निवडलं गेलं तर ते स्कॅन आहे. स्कॅनच्या मागे लागू नका. अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आठाचा तीन करतात आणि एकाचा सात. नेटबँकिंगमधून किंवा शाखेतून ई-मेलवर मूळ फाइल मागवून घ्या.

मजकूर आत असेल तर पायथनचं पीडीएफप्लंबर हे मोफत साधन तुमच्या उपयोगाचं. ते प्रत्येक शब्द आणि त्या शब्दाची पानावरची जागा, दोन्ही हातात देतं. कॅमेलॉट आणि टॅब्युला हीही त्याच जातीची साधनं. ज्या स्टेटमेंटमध्ये रेघा आखलेल्या असतात तिथे कॅमेलॉट छान चालतं. किनवटच्या खात्याची पासवर्डवाली फाइलही पीडीएफप्लंबर उघडतं, फक्त पासवर्ड त्याला सांगावा लागतो. तो कोडमध्ये लिहून ठेवू नका. कोड चालवताना विचारला जाईल अशी सोय करा, कारण कोड आपण उद्या कोणाला तरी सहज दाखवतो.

ओळी कशा जुळवायच्या? एका व्यवहाराचा तपशील पुष्कळदा दोन-तीन ओळींवर सांडतो. यूपीआयचा लांबलचक संदर्भ, मग पाठवणाऱ्याचं अर्धवट कापलेलं नाव, मग बँकेचं नाव. नियम असा ठेवा की ओळीच्या सुरुवातीला तारीख असेल तर नवा व्यवहार सुरू झाला. तारीख नसेल तर तो मजकूर मागच्याच व्यवहाराच्या तपशिलाला जोडायचा. पान उलटलं की शीर्षकाची ओळ पुन्हा येते, खाली पान क्रमांक आणि बँकेच्या सूचना येतात. त्या ओळखून गाळायच्या. नाही गाळल्या तर ‘आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका’ हे वाक्य एखाद्या गिऱ्हाइकाच्या नावाला जाऊन चिकटतं.

यानंतर येतो तो खरा पेच. स्टेटमेंटमध्ये गेलेल्या रकमेचा एक कॉलम आणि आलेल्या रकमेचा एक, अशी पद्धत असते. एका ओळीत त्यातला एकच भरलेला असतो, दुसरा रिकामा. नुसता मजकूर काढला की रिकामी जागा उरतच नाही. हाती राहतात दोन आकडे, एक रक्कम आणि एक शिल्लक. रक्कम आली की गेली, हे कळायचं कसं? शब्दाची पानावरची जागा पाहून कळतं, पण बँकेने कॉलम अर्धा सेंटिमीटर सरकवला की तो अंदाज कोसळतो. तपशिलातले शब्द पाहून ठरवणं त्याहून वाईट. ‘एनईएफटी’ येतानाही असतं आणि जातानाही.

उत्तर शिल्लकेच्या कॉलममध्ये आहे. समजा आधीची शिल्लक ४२,३१०.५० आहे. पुढच्या ओळीत १,२५०.०० आणि ४३,५६०.५० असे दोन आकडे आहेत. शिल्लक १,२५० ने वाढली, म्हणजे पैसे आले. त्यापुढच्या ओळीत ३८,०००.०० आणि ५,५६०.५०. शिल्लक घटली, म्हणजे गेले. बी-बियाण्यांच्या कंपनीला भरले असतील. त्यानंतर १७.७० आणि ५,५४२.८०. हे एसएमएसचं शुल्क, १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २.७०. तिन्ही ओळींत दिशा शिल्लकेनेच सांगितली, कॉलमच्या जागेकडे बघावंही लागलं नाही.

आणि याहून मोठी गोष्ट अशी की हीच शिल्लक तुमच्या कोडची परीक्षकही आहे. माझं या सगळ्या विषयावर एकच ठाम मत आहे. रूपांतर झालं असं फाइल तयार झाल्यावर म्हणायचं नाही. प्रत्येक ओळीची शिल्लक जुळल्यावरच म्हणायचं. मागची शिल्लक, अधिक आलेली रक्कम, वजा गेलेली रक्कम बरोबर या ओळीची शिल्लक. एक पैसादेखील इकडेतिकडे झाला तर कोडने तिथेच थांबावं आणि पान क्रमांक सांगावा. एखादी ओळ सुटली असेल, एखादी दोनदा आली असेल, तीन हजारांचे आठ हजार झाले असतील, तर ही तपासणी त्याच ओळीवर बोट ठेवते. शेवटी फक्त एकूण जमा आणि एकूण खर्च जुळवणारे पुष्कळ आहेत. पण चूक आहे एवढंच त्यातून कळतं, ती कुठे आहे हे कळत नाही, आणि एकमेकींना खाऊन टाकणाऱ्या दोन चुका तर त्यात दिसतही नाहीत.

या परीक्षकाला काही गोष्टी आधी समजावून द्याव्या लागतात. काही बँका सगळ्यात नवा व्यवहार वर छापतात. तिथे यादी उलटी करून घ्या. तुमच्या सीसी खात्यात शिल्लक बहुतेक वेळ ‘डीआर’ या अक्षरांसह येईल, कारण ते पैसे बँकेचे, तुम्ही वापरलेले. ती शिल्लक ऋण समजायची. ‘सीआर’ आलं की धन. हे विसरलात तर पहिल्याच ओळीला कोड बंड करील आणि तुम्हाला वाटेल फाइलच खराब आहे. शिवाय शिल्लक फक्त रकमांची साक्ष देते. तारीख किंवा संदर्भ क्रमांक चुकीचा वाचला गेला तर ती गप्प राहते. तारखांसाठी वेगळी तपासणी ठेवा: तारखा चढत्या क्रमाने आहेत ना, आणि सगळ्या मागितलेल्या मुदतीतल्या आहेत ना. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली की हा क्रम लगेच मोडतो.

तारखेची ही अदलाबदल बहुधा एक्सेल करतं. ०५/०४/२०२५ म्हणजे आपल्याला ५ एप्रिल. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो ४ मे वाचतो. आणि २५/०४/२०२५ ला पंचविसावा महिना सापडत नाही म्हणून ते मजकूर म्हणून तसंच सोडतो. अर्ध्या तारखा बदललेल्या, अर्ध्या शाबूत. तेव्हा तुमच्या मधल्या फाइलमध्ये तारीख एकाच पद्धतीने लिहा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आणि तिच्यात दुसरा अर्थ निघत नाही.

एक्सेलवाल्या बँकेचं काम सोपं जाईल असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. काही बँकांची एक्सएलएस नावाची फाइल मुळात एक्सेलची नसतेच. टॅबने तोडलेला साधा मजकूर किंवा वेबपानाचा तक्ता असतो आणि नुसतं नाव एक्सेलचं दिलेलं असतं. एक्सेल थोडी कुरकुर करून ती उघडतं, पायथन उघडत नाही. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. वाचता आली तर ती मजकूर समजूनच वाचायची. वरच्या दहा-वीस ओळी बँकेचं नाव, शाखा, पत्ता यांत जातात. त्या मोजून वगळू नका, ‘तारीख’ या अर्थाचं शीर्षक जिथे सापडेल तिथून सुरुवात करा. पत्त्यात एक ओळ वाढली की मोजणी फसते.

आणि एक्सेलला कोणताही लांब क्रमांक संख्या म्हणून वाचू देऊ नका. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच खरं बोलतं. सोळाव्या अंकापासून पुढे शून्यं घालतं. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक असा बिनआवाज मरतो. चेक क्रमांक ००४५१२ चा ४५१२ होतो. यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक ‘ई+११’ अशा शेपटासह दिसू लागतो. पायथनचं पांडास हे साधन वापरत असाल तर सगळे कॉलम मजकूर म्हणून वाचा आणि फक्त रकमांचे आकडे करा, तेही आधी स्वल्पविराम काढून. आपला स्वल्पविराम लाखाच्या हिशेबाने पडतो, १,२५,०००.०० असा. हजारांच्या हिशेबाने तोडणारी परदेशी साधनं तिथे अडखळतात.

रकमा पायथनच्या साध्या दशांश संख्येत ठेवू नका. तिथे ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, पार सतराव्या दशांश स्थळी एक ४ उगवतो. कारण यंत्र दोनच्या पायावर मोजतं आणि एक दशांश हा आकडा त्या पायावर नेमका बसतच नाही. मग शिल्लक खरी जुळत असूनही कोड ‘जुळत नाही’ म्हणतो. पायथनमध्ये डेसिमल नावाचं मॉड्यूल यासाठीच आहे. किंवा सरळ सगळं पैशांत मोजा: १७.७० म्हणजे १७७० पैसे. पूर्णांकात कधी घोळ होत नाही.

एक बारीक सूचना, मराठीत कॉलम लिहिणाऱ्यांसाठी. सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली तरी एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर ‘तपशील’च्या जागी कचरा दिसू शकतो. साठवताना यूटीएफ-८-सिग हा प्रकार निवडा, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला एक खूण बसते आणि एक्सेलला मराठी ओळखता येते.

आता टॅली. टॅली एक्सएमएल फाइल आत घेतं. अलीकडच्या आवृत्त्या एक्सेलमधूनही व्हाउचर घेतात. तुम्ही कोड लिहिणारच आहात तर एक्सएमएल बरं, कारण त्यात काय जातं यावर पूर्ण ताबा राहतो. आधी टॅलीत हाताने एक रिसीट, एक पेमेंट आणि एक कॉन्ट्रा व्हाउचर करा, ती एक्सएमएलमध्ये बाहेर काढा आणि त्याच साच्यात तुमचा कोड ओळी भरेल असं करा. नियम वाचत बसण्यापेक्षा हा मार्ग जवळचा. तारीख तिथे आठ अंकांत सलग असते. आणि चिन्हांचा एक प्रकार पाहून गोंधळू नका: टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे पडणारी रक्कम ऋण लिहिली जाते आणि जमेची धन. एका व्हाउचरमधल्या सगळ्या रकमांची बेरीज शून्य आली पाहिजे.

दिशाही इथे उलटते. बँकेच्या स्टेटमेंटमधला ‘क्रेडिट’ हा बँकेच्या वहीतला आहे. तुमचे पैसे म्हणजे तिचं देणं, म्हणून तिने ते जमेला धरले. तुमच्या वहीत तेच पैसे तुमची मालमत्ता, म्हणून बँकेचं लेजर नावे पडतं. बी.कॉम.ला तुम्ही हे शिकलाच आहात, पण कोड लिहिताना स्टेटमेंटमधलं क्रेडिट उचलून टॅलीत क्रेडिट म्हणून टाकण्याचा मोह फार होतो, आणि मग अख्खं वर्ष उलटं उभं राहतं.

तीन खाती असल्यामुळे तुमच्यापुढे एक खास अडचण येईल. सीसी खात्यातून ५०,००० शेतीच्या खात्यात वळवले, तर ती नोंद दोन्ही स्टेटमेंटमध्ये असेल, एकात गेलेली आणि दुसऱ्यात आलेली. दोन्ही तशाच टॅलीत टाकल्या तर एक पेमेंट आणि एक रिसीट होईल, आणि दुकानाची जमा पन्नास हजारांनी फुगलेली दिसेल. कोडने अशी जोडी संदर्भ क्रमांकावरून शोधावी आणि एकच कॉन्ट्रा व्हाउचर करावं. गल्ल्यातली रोकड बँकेत भरली तर तीही कॉन्ट्राच.

दुहेरी नोंदींचा आणखी एक झरा म्हणजे एकमेकांवर चढणाऱ्या मुदती. एप्रिल ते जून असं एकदा उतरवलं आणि जून ते सप्टेंबर असं पुन्हा, की जून दोनदा आला. यावर तारीख आणि रक्कम सारखी असलेल्या ओळी उडवणं हा उपाय नाही. बाजाराच्या दिवशी दोन शेतकरी एकाच दिवशी ५०० रुपये भरतात. त्यातल्या एकाचे पैसे तुमच्या कोडने गिळले तर तो तुमच्या दारात येऊन उभा राहील. तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि शिल्लक हे चारही सारखे असले तरच ती पुनरावृत्ती समजा.

कोणती ओळ कुठल्या लेजरला जाईल, यासाठी एक वेगळी यादी ठेवा: तपशिलात हा शब्द आला तर हे लेजर. गिऱ्हाइकांसाठी नावावर विसंबू नका. स्टेटमेंटमध्ये नाव रोमन लिपीत आणि अर्धवट कापलेलं येतं, आणि तुमच्या भागात राठोड, जाधव, मडावी, आत्राम एकेका गावात कितीतरी. यूपीआय आयडी धरून ओळखा. बाबांच्या शेतीच्या खात्यात सरकारी पैसे येतात, तिथेही जपून. तेलंगणात २०१८ मध्ये रयतु बंधू योजना सुरू झाली. जानेवारी २०२५ पासून तिच्या जागी रयतु भरोसा आली. योजना तीच वाटली तरी नाव बदललं की तपशिलातले शब्द बदलतात आणि जुना नियम त्यांना ओळखत नाही. जी ओळ कोणत्याच नियमात बसत नाही ती सस्पेन्स लेजरला जाऊ द्या. कोडने अंदाज बांधू नये. ते काम तुमचं.

आता बँका एकच फॉरमॅट का देत नाहीत ते. कारण तसं बंधन नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये पासबुक आणि स्टेटमेंटमध्ये कोणता किमान तपशील असावा हे बँकांना कळवलं: पैसे कोणाला गेले, कोणत्या मार्गाने गेले, शुल्क कसलं, अशा गोष्टी. पण कॉलम कोणत्या क्रमाने आणि फाइल कोणत्या प्रकारची, हे बँकेवर. प्रत्येक बँकेचं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर वेगळं. कोणाचं इन्फोसिसचं फिनॅकल, कोणाचं टीसीएसचं बँक्स. प्रत्येक जण आपापल्या साच्यात स्टेटमेंट ओतून देतो.

त्यात विलीनीकरणं. तुमच्या आणि किनवटच्या दोन्ही बाजूंना ओळखीची स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत मिसळली. आंध्रा बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत गेली. १ जानेवारी २०२५ पासून आंध्र प्रदेश ग्रामीण विकास बँकेच्या तेलंगणातल्या शाखा तेलंगणा ग्रामीण बँकेत आल्या, आणि १ मे २०२५ ला महाराष्ट्रातल्या दोन ग्रामीण बँका एक झाल्या. अशा वेळी आयएफएससी बदलतो, स्टेटमेंटचा साचा बदलतो, कधी खाते क्रमांकही बदलतो. वाचक-कोड वेगळा ठेवा असं वर म्हटलं ते याचसाठी.

जाता जाता, तामसीला पैशाचं रूपांतर नवं नाही. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले आणि सीमेपलीकडे इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब. १०० कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होत. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, तेव्हा तिथे आणि तामसीला शिक्का एकच होता. पण सीमेपलीकडे वर्धा-चांद्याकडे व्यापार करणाऱ्याला हा भागाकार तोंडपाठ लागे.

सर्वांना चालेल असा फॉरमॅट जगात नाही असं नाही. मोठ्या कंपन्यांना बँका एमटी-९४० नावाची मजकूर फाइल देतात. तिच्यात सुरुवातीची शिल्लक, प्रत्येक व्यवहार आणि अखेरची शिल्लक यांना ठरलेले क्रमांक आहेत. तिची नवी आवृत्ती म्हणजे आयएसओ-२००२२ मधली कॅम्ट-०५३ ही एक्सएमएल फाइल. घरगुती हिशेबासाठी मायक्रोसॉफ्ट, इंट्यूइट आणि चेकफ्री यांनी १९९७ मध्ये ओएफएक्स काढलं. जीएनयूकॅशसारखी मोफत सॉफ्टवेअर ते वाचतात. आपल्याकडे दुकानदाराच्या साध्या खात्याला यातलं काही सहसा मिळत नाही. तरी सीसी खात्याच्या शाखेत एमटी-९४० मिळतं का, हे विचारायला काही मोडत नाही.

आपल्याकडची खरी वाट म्हणजे अकाउंट ॲग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. खातेदाराने संमती दिली की त्याची माहिती सगळ्या बँकांकडून एकाच ठरलेल्या रचनेत, कोडला वाचता येईल अशी जाते. पण ती जाते कर्ज देणाऱ्या किंवा सल्ला देणाऱ्या, नियामकांच्या देखरेखीखालच्या संस्थांकडे. बँकेला तुमच्या बाबांचं स्टेटमेंट एका संमतीवर नीटनेटकं मिळतं, आणि त्यांच्याच मुलीला पीडीएफ फोडत बसावं लागतं. हे मला चुकीचं वाटतं. खातेदाराला स्वतःची माहिती त्याच रचनेत उतरवून घेता आली पाहिजे.

प्रश्न: चॅटजीपीटीसारख्या एआयला पीडीएफ देऊन तक्ता मागितला तर? आणि बँकेची फाइल अशी बदलणं कायद्यात बसतं का?
– त्याच वाचक, पत्राच्या मागच्या पानावर

उत्तर: स्टेटमेंट देऊ नका, कारण वरचंच. शिवाय ही साधनं अस्पष्ट आकड्याच्या जागी आत्मविश्वासाने दुसरा आकडा ठेवतात. पण कोड लिहायला त्यांची मदत जरूर घ्या. खोटं नाव, खोटे क्रमांक आणि खोट्या रकमा घालून तीन-चार नमुना ओळी करा, त्या द्या आणि वाचक-कोड मागा. मग तो आपल्या संगणकावर खऱ्या फाइलवर चालवा. कोड एआयने लिहिलेला असो की तुम्ही, शिल्लकेच्या परीक्षेतून दोघांनाही जावं लागेल.

कायद्याचं म्हणाल तर स्वतःच्या स्टेटमेंटमधले आकडे दुसऱ्या फाइलमध्ये मांडण्याला कोणाची हरकत नाही. मात्र तुमची सीएसव्ही किंवा एक्सेल म्हणजे बँकेचं स्टेटमेंट नव्हे. न्यायालयात चालतो तो १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याप्रमाणे बँकेने प्रमाणित केलेला उतारा. कर्जासाठी कोणी स्टेटमेंट मागितलं तर मूळ पीडीएफच द्या. रूपांतरित फाइलमधला आकडा सुधारून ती स्टेटमेंट म्हणून देणं ही बनावट कागदपत्राची गोष्ट होते.

म्हणून बँकेकडून आलेली प्रत्येक फाइल ‘मूळ’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, बँकेने दिली तशीच, हात न लावता ठेवा आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कोड तयार झाला की एकदम वर्षाचं स्टेटमेंट चालवू नका. तुम्ही हाताने एन्ट्री केलेला मागचा एखादा नोव्हेंबर घ्या, तो टॅलीच्या वेगळ्या चाचणी कंपनीत उतरवा आणि दोन्हींतली बँकेची अखेरची शिल्लक ताडून पाहा. जुळली तर पुढच्या महिन्यापासून कोडवर जा. नाही जुळली तर आधी शोधा की चूक कोडची आहे की तेव्हाच्या हाताच्या एन्ट्रीची.